येनाची काच

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात साल नदीच्या काठी येना नावाचे एक जुने विद्यापीठाचे गाव आहे. इतिहासाच्या वाचकाला ते १८०६ सालच्या लढाईमुळे ठाऊक असते. नेपोलियनने प्रशियाच्या सैन्याची धूळधाण उडविली ती येथे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला ते हेगेलमुळे ठाऊक असते. शिलर येथे इतिहास शिकवीत असे, आणि कार्ल मार्क्सला १८४१ साली डॉक्टर ही पदवी मिळाली तीही याच विद्यापीठाची. पण आज मला ज्या येनाविषयी बोलावयाचे आहे, ते कारागिरांचे येना. एखाद्या घरी आजोबांचे कपाट आवरताना चामड्याच्या डबीत चार बोटे लांबीची धातूची नळी सापडते. तिच्या दोन्ही तोंडांना काच असते, अंगावर आकड्यांची कडी असतात, आणि पुढच्या कड्यावर येना हे नाव कोरलेले असते. ते कॅमेऱ्याचे भिंग होय.

या भिंगात तार नाही, विजेवर चालणारा भाग नाही. समोरची वस्तू स्पष्ट दिसावी यासाठी त्याचे कडे बोटांनी फिरवावे लागते. असे भिंग साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे असले, तरी ते आजच्या अंकीय कॅमेऱ्यावर बसते आणि उत्तम चित्र देते. ज्या कारखान्याने ते घडविले तो युद्धात उद्ध्वस्त झाला, ज्या राज्याचा शिक्का त्यावर आहे ते राज्य १९९० साली नकाशावरून नाहीसे झाले, पण भिंग मात्र टिकून आहे. मौज अशी की, या सगळ्यांतून तरलेले तेच भिंग आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत बंद कपाटात कायमचे निकामी होऊ शकते. ते कसे घडले आणि कसे टिकवावे, या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

कार्ल झाइस या यंत्रकाराने येना येथे १८४६ साली आपली कर्मशाळा काढली. सूक्ष्मदर्शक यंत्रे हा त्याचा मुख्य माल. त्या काळी भिंग घडविणे ही अनुभवाची कला होती. काच घासावयाची, नळीत बसवावयाची, पाहावयाचे, पुन्हा घासावयाची. जमले तर जमले. झाइस अत्यंत काटेकोर होता. मनासारखे न उतरलेले सूक्ष्मदर्शक तो ऐरणीवर ठेवून हातोड्याने फोडीत असे, असे सांगतात. पण हातोड्याने दोष नाहीसा होतो, त्याचे कारण कळत नाही. हे ओळखून त्याने १८६६ साली विद्यापीठातील एका तरुण अध्यापकाला मदतीस घेतले. त्याचे नाव एर्न्स्ट आबे.

आबे हा सूतगिरणीतल्या मजुराचा मुलगा. त्याचे वडील दिवसाचे चौदा-चौदा, सोळा-सोळा तास यंत्रापाशी उभे राहून काम करीत. दुपारचे जेवण घेऊन लहानगा एर्न्स्ट जाई, आणि वडील यंत्राला टेकून उभ्याउभ्याच ते उरकीत. हे दृश्य तो जन्मभर विसरला नाही. गणिताच्या बळावर त्याने भिंगरचनेला शास्त्राचा पाया दिला, आणि १८७२ पासून येनाचे सूक्ष्मदर्शक आधी कागदावर गणिताने सिद्ध होऊ लागले व मग कर्मशाळेत घडू लागले. झाइसच्या मृत्यूनंतर आबे कारखान्याचा सर्वाधिकारी झाला. त्याने १८८९ साली कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापिले, कारखान्याची मालकी त्याच्या हवाली केली, आणि १९०० साली तेथे आठ तासांचा कामाचा दिवस सुरू केला. उभ्याने जेवणाऱ्या त्या मजुराचे ऋण मुलाने असे फेडले. येनाच्या भिंगांची कीर्ती सांगताना ही गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. मला मात्र ती भिंगांच्या गुणवत्तेशी संबंध असलेली वाटते. दहाव्या-बाराव्या तासाला थकलेल्या हाताने काच बिनचूक घासली जात नाही.

आबेचे गणित मात्र एका जागी अडले होते. प्रकाश काचेतून जाताना वळतो, आणि वळताना त्यातील रंग एकमेकांपासून फाकतात. म्हणून एकट्या भिंगातून पाहिलेल्या वस्तूला रंगीत कडा येतात. दोन निरनिराळ्या जातींच्या काचा जोडून हा दोष कमी करता येतो. पण तेव्हा उपलब्ध काचांपैकी जी काच प्रकाशाला जास्त वळवी, तीच रंगही जास्त फाकवी. हे दोन गुण जणू एकमेकांना बांधलेले होते. ती गाठ ओटो शॉट नावाच्या रसायनज्ञाने सोडविली. काच बनविणाऱ्या घराण्यातल्या या तरुणाने १८७९ साली आपल्या नव्या काचेचा नमुना आबेकडे पाठविला. तो नमुना स्वतः उपयोगी पडला नाही, पण माणूस उपयोगी पडला! शॉट १८८२ साली येनाला येऊन राहिला आणि १८८४ साली त्याची काचशाळा उभी राहिली. बेरियम, बोरॉन, फॉस्फरस अशी द्रव्ये घालून त्याने काचेच्या नव्यानव्या जाती निर्माण केल्या. या काचशाळेच्या १८८६ सालच्या पहिल्या यादीत ४४ जाती होत्या.

ही काच खिडकीची काच नव्हे. तिचा रस एकजीव होईपर्यंत ढवळावा लागतो आणि नंतर ती अतिशय सावकाश निववावी लागते. घाई केली की पोटात ताण राहतो आणि किरण वाकडा जातो. या विद्येचे रहस्य राष्ट्रे सहजासहजी दुसऱ्याला देत नसत. दुर्बिणी, तोफांचे नेम, पाणबुडीचे डोळे, सारे तिच्यावर अवलंबून. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा आपल्याला लागणारी अशी बहुतेक काच आपण शत्रूकडूनच घेत होतो, हे इंग्लंडच्या ध्यानी आले. आपल्या देशात ती कलकत्त्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या सुमारास तयार होऊ लागली, तेव्हा तो स्वातंत्र्योत्तर विज्ञानाचा एक विजयच मानला गेला.

आता छायाचित्रणाकडे येऊ. दागेरने आपली पद्धती १८३९ साली जाहीर केली तेव्हाची भिंगे इतकी मंद होती की, माणसाला कित्येक मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. व्हिएन्नाचा गणिती योझेफ पेट्सव्हाल याने दुसऱ्याच वर्षी एक भिंग गणिताने सिद्ध केले. आकडेमोडीसाठी त्याला तोफखान्यातले हिशेबात तरबेज शिपाई मदतीला मिळाले होते. हे भिंग आधीच्या भिंगाहून सुमारे सोळापट अधिक प्रकाश घेई. त्याच्यामुळे व्यक्तिचित्रे शक्य झाली. परंतु चित्राचा मधला भाग तेवढा स्वच्छ असे, कडेला सारे विरघळून जाई.

मधोमध स्वच्छ आणि कडेलाही स्वच्छ असे भिंग करावयास शॉटची नवी काच लागली. झाइसच्या कारखान्यातील पाउल रूडोल्फ याने १८९० साली तसे पहिले भिंग सिद्ध केले. पुढे १९०२ साली त्याने जे भिंग केले, ते आजतागायत छायाचित्रणाच्या इतिहासातले सर्वांत यशस्वी भिंग गणले जाते. चार काचा तीन गटांत. म्हणून ग्रीक भाषेतील चार या शब्दावरून त्याचे नाव टेसार. कॅमेऱ्याचा गरुडनेत्र अशी कारखाना त्याची जाहिरात करीत असे, आणि जाहिरातीच्या मानाने ती फारशी अतिशयोक्ती नव्हती. याचे पेटंट संपताच जगभर त्याच्या नकला निघाल्या. घरोघरी असलेल्या जुन्या घडीच्या कॅमेऱ्यांतील कितीतरी भिंगे नाव काहीही असो, कुळाने टेसारच आहेत.

चारच काचा का? कारण प्रत्येक पृष्ठभागावर, जेथे हवा आणि काच भेटतात तेथे, शेकडा चार-पाच हिस्से प्रकाश परत फिरतो. रूडोल्फने १८९६ साली प्लानार नावाचे सहा काचांचे भिंग केले होते. गणिताने ते टेसारहून सरस होते. पण त्यात असे आठ पृष्ठभाग होते, आणि जवळजवळ तिसरा हिस्सा प्रकाश वाटेतच गळत होता. तोही निव्वळ गळत नव्हता, तर आतल्या आत उसळून चित्रावर पांढुरके सावट आणीत होता. या दोषावरचा उपाय आधी एका अपघातात दिसला. यॉर्क येथील डेनिस टेलर या इंग्रज भिंगकाराच्या लक्षात आले की, हवेने डागळलेली जुनी भिंगे नव्या चकचकीत भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात. डाग म्हणून जो थर आपण पुसू पाहतो, तोच प्रकाशाला परत फिरू देत नव्हता. हा थर मुद्दाम आणि मोजून देण्याची रीत येना येथे अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली शोधून काढली. निर्वात पात्रात धातुक्षाराची वाफ करून तिचा अतिसूक्ष्म लेप काचेवर बसवावयाचा. हा शोध प्रथम लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवण्यात आला. युद्धोत्तर येनाच्या भिंगांवर लाल रंगात जे टी अक्षर दिसते, ते या लेपाची खूण आहे. ती जांभळट निळी झाक पुसून काढण्याचा खटाटोप पुष्कळ जण करतात. कृपा करून तसे करू नये.

लेप आला आणि जुने गणित जिवंत झाले. सहा काचांच्या त्या कुळातले एक भिंग येना येथे विली मेर्टे याने १९३० नंतरच्या दशकात सिद्ध केले. त्याचे नाव बिओटार. नाभ्यंतर ५८ मिलिमीटर, प्रकाशग्रहण एफ २. हे भिंग ध्यानात ठेवावे, कारण पुढची सगळी भटकंती त्याची आहे.

१३ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सेना येनात शिरली. पण दोस्तांच्या आधी ठरलेल्या वाटणीप्रमाणे थुरिंगिया सोव्हिएत हिश्शात होता, आणि जुलैच्या प्रारंभी अमेरिकनांना तो सोडून जावे लागणार होते. जाताना त्यांनी झाइस व शॉट या दोन्ही कारखान्यांतील शंभराहून अधिक निवडक तज्ज्ञ कुटुंबांसह आपल्याबरोबर पश्चिमेस नेले. त्यांच्यापैकी काहींनी वुर्टेम्बर्गमधील ओबरकोखेन या खेड्यात १९४६ साली नवा कारखाना उभारला. काचकार पुढे माइंझ येथे स्थिरावले. अमेरिकनांनी माणसे नेली, रशियनांनी यंत्रे नेली. युद्धाची भरपाई म्हणून येनाच्या कारखान्यातील बहुतांश यंत्रे उचलून पूर्वेकडे रवाना झाली. मग २२ ऑक्टोबर १९४६ च्या पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, सोव्हिएत हिश्शातील अनेक गावांत दारे ठोठावण्यात आली आणि मागे राहिलेल्या तज्ज्ञांनाही कुटुंबकबिल्यासह आगगाडीत बसविण्यात आले. येनाची माणसे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कसारख्या ठिकाणी जाऊन पडली. कित्येक वर्षांनी ती घरी परतली.

असे असूनही येनाचा कारखाना मेला नाही. उरल्यासुरल्या कारागिरांनी तो पुन्हा उभा केला. १९४८ साली तो सरकारी मालकीचा झाला. आणि मग दोन झाइस झाले! पूर्वेला एक, पश्चिमेला एक. दोघांचा पूर्वज एक, दोघांची कुलनामे एक, आणि नावावर हक्क कोणाचा म्हणून देशोदेशींच्या न्यायालयांत खटले. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९६८ साली पश्चिमेच्या बाजूने निकाल दिला. अखेरीस १९७१ साली लंडन येथे तडजोड होऊन कोणत्या देशात कोणी कोणते नाव वापरावे याची वाटणी झाली. भाऊबंदकीची आपल्याला सवय असल्यामुळे हे प्रकरण आपल्याला लगेच समजते. या वादाचा पुरावा भिंगांच्या कड्यांवर कोरलेला आहे. पश्चिमेस विकावयाच्या काही भिंगांवर झाइस हे नावच नाही. नुसते 'येनाचे' अशा अर्थाचे जर्मन शब्द आहेत. टेसार या नावाऐवजी केवळ टी आणि सोनार या नावाऐवजी केवळ एस कोरलेले आहे. हा टी निराळा, लेपाचा लाल टी निराळा. जुन्या बाजारात गिऱ्हाइकाला असले भिंग कोणा अनामिकाचे वाटते आणि ते स्वस्तात सुटते. जाणकाराने अशा वेळी चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये.

इकडे क्रास्नोगोर्स्कमध्ये बिओटारचा पुनर्जन्म झाला. सोव्हिएत काचेच्या गुणधर्मांप्रमाणे त्याचे गणित पुन्हा मांडण्यात आले, आणि १९५८ पासून ते हेलिओस-४४ या नावाने बाजारात आले. हेलिओस म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव. झेनिट या कॅमेऱ्याबरोबर ते क्रास्नोगोर्स्क, वाल्दाय आणि मिन्स्क येथे लाखोंच्या संख्येने तयार झाले. जर्मनीत जे थोड्यांचे चैनीचे साधन होते, ते सोव्हिएत देशात शाळामास्तरांच्या हाती आले. आपल्याकडेही परकीय चलनाच्या टंचाईच्या दिवसांत सोव्हिएत संघ व पूर्व जर्मनी या देशांशी रुपयांत व्यापार चालत असे, आणि त्या वाटेने झेनिट व प्राक्टिका हे कॅमेरे भारतात आले. आजोबांच्या कपाटातील त्या नळीचा उलगडा बहुतेक वेळा असा होतो.

एका राज्यातले भिंग दुसऱ्या राज्याच्या कॅमेऱ्यावर बसे, याचे श्रेय एका स्क्रूच्या आट्यांना आहे. ड्रेस्डेन येथे १९४९ साली निघालेल्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यावर भिंग बसविण्यासाठी ४२ मिलिमीटर व्यासाचे, दर वेढ्याला एक मिलिमीटर पुढे सरणारे आटे होते. तेच प्राक्टिकाने घेतले, १९५७ साली जपानच्या पेंटॅक्सने घेतले, पुढे झेनिटने घेतले. राजकारणाने युरोपच्या मधोमध भिंत घातली, तरी हे आटे भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच मापाचे राहिले.

१९८५ साली मिनोल्टा ७००० हा कॅमेरा आला. तो स्वतःच फोकस जुळवी. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत हाताने फिरवावयाची भिंगे अडगळीत गेली; कित्येक रद्दीच्या भावाने विकली गेली. त्यांची ती दशा पालटली एका साध्या कारणाने. जुन्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे एक हलणारा आरसा असे, आणि त्याला जागा हवी म्हणून भिंग फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर दूर बसवीत. २००८ पासून आरसा नसलेले अंकीय कॅमेरे निघाले. त्यांत हे अंतर अठरा-वीस मिलिमीटरच असते. तेव्हा मधली सुमारे २७ मिलिमीटरची पोकळ नळी घातली की जुने भिंग आपल्या मूळ जागी, केसभरही न चुकता येते. त्या नळीत काच नसते, काहीच नसते. आणि या कॅमेऱ्यांच्या पाठीवरील पडद्यावर प्रतिमेचा लहानसा तुकडा अनेकपट मोठा करून पाहता येत असल्यामुळे, हाताने फोकस जुळविणे पूर्वीपेक्षाही सोपे झाले आहे.

हे भिंग वापरण्याची रीत एकदा समजली की अंगवळणी पडते. हेलिओसवर छिद्राची दोन कडी असतात. एकावर हवे ते छिद्र आधीच नेमून ठेवावयाचे. दुसऱ्याने पाती पूर्ण उघडून उजेडात फोकस जुळवावयाचा, आणि मग तेच कडे नेमल्या जागेपर्यंत मिटून चित्र घ्यावयाचे. रस्त्यावरच्या चित्रांना एवढाही खटाटोप नको. एफ ८ वर सुमारे चौदा मीटर अंतरावर खूण ठेवली की सात मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. नळीवर कोरलेल्या अंतराच्या खुणा यासाठीच असतात. अलीकडच्या भिंगांवरून त्या बहुतेक नाहीशा झाल्या आहेत. पूर्ण उघड्या छिद्रावर हेलिओसच्या चित्रात मागची झाडेपाने वर्तुळाकार गरगरताना दिसतात. हा खरे तर जुन्या रचनेचा उणेपणा आहे. कडेकडील प्रकाश नळीतच अडतो आणि तेथले ठिपके डोळ्याच्या आकाराचे होतात. हल्ली तरुण मंडळी या भोवऱ्यासाठीच हे भिंग शोधतात. मला विचाराल तर प्रत्येक चेहऱ्यामागे भोवरा पाहून थोड्याच दिवसांत डोळे कंटाळतात. तेच भिंग एफ ५.६ वर जे शांत, नेमके चित्र देते, ते बिओटारच्या गणिताला अधिक शोभणारे आहे.

आता देखभालीकडे वळू. येनाच्या भिंगाचा आपल्या देशातला मोठा शत्रू पाऊस आहे. हवेतील आर्द्रता शेकडा ७० च्या वर गेली आणि बरेच दिवस तशी राहिली की, काचेवरील धुळीच्या कणावर आणि वंगणाच्या वाफेवर बुरशी जगू लागते. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात किंवा कलकत्त्यात पावसाळ्यात ही मर्यादा रोजच ओलांडली जाते. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात सैन्याच्या दुर्बिणी याच रोगाने आंधळ्या झाल्या, आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना त्यावर संशोधन करावे लागले. बुरशीचे तंतू प्रथम कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात आणि त्या अवस्थेत पुसून निघतात. पण तिच्यातून आम्ल पाझरते. ते आधी स्माकुलाचा लेप खाते आणि मग काच. एकदा काच कोरली गेली की जगातला कोणताही कारागीर ती पूर्ववत करू शकत नाही.

उपाय साधा आहे. पहिले काम म्हणजे ती सुंदर चामड्याची डबी दूर करावी. चामडे ओल धरून ठेवते आणि बुरशीला आवडते. भिंग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. डब्यात आर्द्रता दाखविणारा लहान मापक ठेवल्यास उत्तम. शेकडा ४० ते ५० पुरे. सिलिका जेलचे निळे खडे ओल पिऊन गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. पुष्कळ घरांत भिंग तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा प्रघात आहे. तांदळाचा भुगा काचेत शिरतो आणि बुरशीला आयते अन्न मिळते, म्हणून तो सोडावा. भिंग तासन्‌तास उन्हात तापत ठेवण्यातही धोका आहे. वंगण पातळ होते आणि वाहत जाऊन छिद्राच्या पात्यांवर बसते. पाती कोरडीच असावी लागतात. त्यांना तेलाचा थेंबही सोसत नाही. तेल लागले की ती एकमेकींना चिकटतात आणि छिद्र मिटेनासे होते. याला एकच अपवाद सांगतो. काही जुन्या भिंगांत, उदाहरणार्थ पेंटॅक्सच्या ५० मिलिमीटर एफ १.४ च्या टाकुमारमध्ये, थोरियम हे किरणोत्सर्गी द्रव्य घातलेली काच आहे. ती कालांतराने चहासारखी पिवळी पडते. खिडकीतल्या उजेडात किंवा अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवल्यावर ती बरीच निवळते. असे भिंग वापरण्यात भय नाही, पण त्याची काच घासू नये.

सर्वांत कठीण काम फोकसच्या नळीचे. भिंग अनंतापासून अर्ध्या मीटरपर्यंत आणावयाचे तर ते सुमारे नऊ मिलिमीटर पुढे सरकावे लागते, आणि तेही एका वेढ्याच्या आत. म्हणून या नळीला एका स्क्रूसारखे एकेरी आटे नसतात. अनेक आटे शेजारी शेजारी सुरू होतात. येनाच्या त्या काळच्या वंगणाचा लौकिक चांगला नाही. वर्षांनुवर्षांनी ते मेणासारखे घट्ट होते. ते काढून नवे भरावयाचे तर नळीचे भाग सुटे करावे लागतात. सुटे करताना आटे नेमके ज्या ठिकाणी एकमेकांना सोडतात, तेथे दोन्ही भागांवर सुईने खूण केलीच पाहिजे. ती केली नाही तर जोडताना चुकीचा आटा धरला जातो, आणि मग भिंग सगळ्या बाबतींत ठीक असूनही दूरचा डोंगर कधी स्पष्ट दाखवीत नाही.

हे काम जाणणारे हात आता विरळ झाले आहेत. मुंबईचा बोरा बाजार, दिल्लीच्या चांदणी चौकातील कुचा चौधरी, कलकत्त्याची मेट्रो गल्ली या बाजारांत एके काळी असे कारागीर सहज भेटत. त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकात उतरली नाही. ती घड्याळजीच्या विद्येप्रमाणे शेजारी बसून शिकावयाची. फिल्मचे कॅमेरे गेले आणि शेजारी बसावयास कोणी उरले नाही. नव्या भिंगांत मोटर आणि विजेचे पट्ट बिघडले की ते उघडण्याऐवजी बदलण्याकडेच कल असतो. उलट १९५८ चा हेलिओस दोन पेचकस, एक चिमटा आणि स्वच्छ टेबल एवढ्या सामग्रीवर पूर्ण उघडतो. तसे कारागीर जेथे अजून असतील तेथे, श्रोतेहो, त्यांच्याकडे भिंग घेऊन जावे आणि जमल्यास काम चालू असताना जवळ बसून पाहावे.

स्वतःच्या घरी करावयाचे काम त्या मानाने थोडे आहे. पावसाळा सरला की आश्विनात एकदा सारी भिंगे बाहेर काढावीत. छिद्र पूर्ण उघडून मागच्या बाजूने विजेरीचा झोत तिरपा सोडावा आणि पुढून पाहावे. धुळीचे दहा-वीस कण दिसतील. त्यांची चिंता करू नये. धाग्यासारखे काही दिसले तर मात्र त्याच आठवड्यात भिंग कारागिराकडे न्यावे. मग फोकसचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा सावकाश फिरवावे, म्हणजे एके जागी बसलेले वंगण सर्वत्र पसरते. आणि छिद्राचे कडे मिटून, उघडून, पुन्हा मिटून पाती चटकन हलतात की रेंगाळतात ते पाहावे.